जुनी सोन्याची अंगठी, नवा हिरवा खडा: साखरपुड्याच्या अंगठीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुलाच्या आईची 22 कॅरटची पिवळ्या सोन्याची अंगठी साखरपुड्यासाठी नव्याने घडवून घ्यायची, असे दोन्ही घरांत ठरले होते. सोने तेच ठेवायचे आणि मधला खडा बदलायचा, एवढीच सुरुवातीची मागणी होती. हाताशी सात आठवडे होते.

जुन्या अंगठीत आठ बाय सहा मिलिमीटरचा लंबगोल लाल खडा चार नख्यांत बसवला होता. घरात तो माणिक म्हणूनच ओळखला जाई. दहा पटींच्या भिंगाखाली त्यात वक्र रेषा आणि बारीक गोल बुडबुडे दिसले. नैसर्गिक कुरुंदात, म्हणजे माणिक ज्या खनिजाचे असते त्यात, वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात. वक्र रेषा ही ज्वालेत वितळवून केलेल्या कृत्रिम माणकाची खूण आहे. ऑग्युस्त व्हेर्नुई याने ही पद्धत 1902 मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर असे खडे दागिन्यांत सर्रास आले. त्यामुळे जुना खडा म्हणजे नैसर्गिक खडा, असे धरून चालत नाही. या प्रकरणात त्या शोधाचा फायदाच झाला, कारण जुना खडा काढताना कुणाचा जीव वरखाली झाला नाही.

अंगठी घालणारी मुलगी प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर हातमोजे, ते बदलताना दर वेळी अल्कोहोलचे सॅनिटायझर, आणि घरी आल्यावर बाकीची कामे. अंगठी रोज घालणार, कामावर काढून ठेवणार नाही, हे तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. खडा हिरवाच हवा आणि शक्यतो पाचूच, ही तिची दुसरी अट होती. खड्यासाठीचे अंदाजपत्रक ठरलेले होते आणि त्यात फारशी लवचीकता नव्हती.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता हा खडा निवडण्याचा प्रश्न होता. मोजमापे घेतल्यावर तो तीन ठिकाणी अडकलेला दिसला.

पहिली अडचण जुन्या घडणीची. चारही नख्यांची टोके झिजून 0.4 मिलिमीटरवर आली होती आणि दोन नख्या हातमोज्यात अडकण्याइतक्या वर उचललेल्या होत्या. बोटापासून खड्याच्या माथ्यापर्यंतची उंची 7.1 मिलिमीटर होती. तळहाताकडच्या बाजूला अंगठीचे वळे झिजून जेमतेम 1 मिलिमीटर जाड उरले होते. 22 कॅरटमध्ये 91.6 टक्के सोने असते, म्हणजे धातू मऊ. एवढ्या पातळ वळ्यावर मूठ घट्ट आवळली की अंगठी किंचित लांबट होते, वरचे कोंदण ताणले जाते आणि खडा सैल पडतो. नवा खडा कितीही चांगला आणला तरी तो या घडणीत टिकला नसता.

दुसरी अडचण पाचूची. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

तिसरी अडचण पिवळ्या सोन्याची होती आणि ती सर्वांत उशिरा लक्षात आली. सोने निळा प्रकाश शोषून घेते आणि पिवळा-तांबडा परत पाठवते. म्हणून तर ते पिवळे दिसते. खड्याच्या तळातून निसटलेला प्रकाश आजूबाजूच्या सोन्यावर आपटून पुन्हा खड्यात शिरतो, तेव्हा तो पिवळा होऊन आलेला असतो. हिऱ्याच्या बाबतीत हे सोयीचे ठरते: किंचित पिवळसर छटेचा, जे-के दर्जाचा हिरा पिवळ्या सोन्यात खपून जातो, पांढऱ्या धातूत त्याची छटा उघडी पडते. हिरव्या खड्याच्या बाबतीत मात्र तो हिरवा पिवळ्याकडे झुकलेला आहे की निळ्याकडे, यावर सगळे अवलंबून असते.

तोलून पाहिलेले पर्याय

पाचू. त्याचा कठीणपणा 1 ते 10 च्या मोहस मापावर 7.5 ते 8, म्हणजे कागदावर ठीकच. गोंधळ इथेच होतो. कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडण्याची ताकद. आपटल्यावर न फुटण्याची ताकद वेगळी. पाचूत जन्मतःच भेगा असतात आणि बहुतेक पाचूंत त्या भेगांमध्ये तेल किंवा राळ भरलेली असते, म्हणजे भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. हे व्यापारात मान्य आहे, फसवणूक नाही. फक्त किती भरले आहे ते सांगितले पाहिजे. पण अल्कोहोल, डिटर्जंट आणि उष्णता यांनी ते तेल हळूहळू निघते आणि लपलेली भेग पांढुरकी होऊन वर दिसू लागते. अल्ट्रासॉनिक किंवा वाफेची सफाई तर पाचूला वर्ज्यच.

त्सावोराइट. हा गार्नेटच्या कुळातला हिरवा खडा. कठीणपणा 7 ते 7.5. त्याला सहसा तेल भरत नाहीत आणि तापवतही नाहीत, त्यामुळे जे दिसते तेच मिळते. चमक पाचूपेक्षा जास्त, कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचे माप, 1.74 च्या आसपास आहे, पाचूचा 1.58 च्या. अडचण आकाराची: मोठे स्वच्छ त्सावोराइट दुर्मीळ असतात आणि वजन वाढते तशी किंमत उडी मारत जाते. शिवाय धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. रोजच्या वापरात पैलूंच्या कडा काही वर्षांत बोथट होऊ शकतात.

हिरवा टुर्मलिन. कठीणपणा तेवढाच. पण बऱ्याच हिरव्या टुर्मलिनमध्ये स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिले की रंग जवळजवळ काळा दिसतो. चांगली कटाई सापडली तर सुंदर, नाही तर दोन्ही टोके अंधारी. तो लवकरच बाजूला पडला.

पेरिडॉट. पिवळ्या सोन्यात याच्यासारखा खुलणारा दुसरा हिरवा खडा क्वचितच सापडेल. पण कठीणपणा 6.5 ते 7 आणि आम्लाचा परिणाम होणारा खडा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हातात देणे म्हणजे मुद्दाम त्रास ओढवून घेणे.

हिरवा सफायर. माणकाच्याच कुळातला कुरुंद, कठीणपणा 9. त्यात फाटण्याची सोपी दिशा नसते, म्हणून आपटले तरी तो पाचू किंवा टोपाझपेक्षा बराच तग धरतो. हिरवा रंग लोहामुळे येतो आणि तो क्वचितच पाचूसारखा शुद्ध हिरवा असतो; निळसर, पिवळसर किंवा राखाडी झाक असतेच. गडद होण्याकडेही त्याचा कल असतो.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या पाचूचाही विचार झाला. तो स्वच्छ असतो, पण ठिसूळपणा पाचूचाच. मुलीला नैसर्गिक खडाच हवा होता, म्हणून तो विषय तिथेच संपला.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाकली, ती म्हणजे खडे कॅरटच्या वजनावर न मागवता मिलिमीटरवर मागवायचे. खड्याचा कॅरट हे वजन आहे, 0.2 ग्रॅम; सोन्याच्या शुद्धतेचा कॅरट वेगळा. कुरुंदाची घनता 4 आणि पाचूची 2.7 च्या आसपास, त्यामुळे एकाच आकाराचा सफायर पाचूपेक्षा बराच जड भरतो. ‘दीड कॅरटचा खडा’ असे सांगितले की प्रत्येक जातीचा खडा वेगळ्याच मापाचा येतो आणि तुलना करता येत नाही.

पहिला निर्णय: पाचू सोडायचा की नाही

दोन पाचू पसंतीवर मागवले. पहिला रंगाने उत्तम होता. भिंगाखाली, दिव्याखाली हळूहळू कलवल्यावर एका भेगेत आत भरलेल्या पदार्थाची पिवळसर-निळसर चमक उमटली आणि ती भेग थेट कमरेपर्यंत, म्हणजे खड्याचा वरचा व खालचा भाग जिथे मिळतो त्या कडेपर्यंत, येऊन पृष्ठभागावर उघडत होती. सोन्याची कड खड्यावर दाबली जाते ती नेमकी याच भागात. बसवतानाच तुकडा उडण्याचा धोका होता. दुसऱ्या पाचूतल्या भेगा आत होत्या, पण रंग फिका आणि तळ उथळ.

या टप्प्यावर दोन वाटा होत्या. एक, चांगला पाचू शोधत राहायचे, तो चहूबाजूंनी सोन्याच्या भिंतीत बसवायचा आणि कामावर अंगठी काढून ठेवायची. दोन, पाचूच सोडून द्यायचा. मुलाकडच्यांचा कल पहिल्या वाटेकडे होता. मुलीने मात्र स्वतःच्या सवयीचा हिशेब मांडला: हातमोजे दिवसातून कितीतरी वेळा बदलायचे, अंगठी काढून ठेवायला सुरक्षित जागा नाही, आणि काढलेली अंगठी हरवण्याची भीती कायमची. पाचू सोडला. प्रसंगी घालायच्या अंगठीसाठी हाच खडा योग्य ठरला असता, हेही त्यांना सांगितले होते.

दुसरा निर्णय: कागदावरचा रंग आणि सोन्यातला रंग

आता चार खडे समोर होते: दोन त्सावोराइट, दोन हिरवे सफायर. सगळे साधारण आठ बाय सहाचे लंबगोल. पांढऱ्या कागदावर, टेबलावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्याखाली पाहताना सर्वांची पसंती एकमुखी होती: गडद, निळसर-हिरवा सफायर. दुसरा सफायर फिका आणि किंचित पिवळसर, त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलेही नाही. गडद सफायरवर शिक्कामोर्तब होऊन बयाणा देण्यापर्यंत गोष्ट आली.

त्याआधी कारागिराने एक साधी चाचणी केली. 22 कॅरट सोन्याची तीन मिलिमीटर रुंद पट्टी खड्याच्या मापाने वळवून कडे केले, आत मेणाचा पातळ थर दिला आणि खडा त्यात टेकवला. बसवल्यावर दिसेल तसाच, फक्त मेण काढले की सुटा. मग ते कडे बोटांच्या बेचक्यात धरून पाहिले.

गडद सफायरचा मधला भाग काळपट झाला आणि कडेला शेवाळी छटा आली. निळा अंश सोन्याने खाल्ला. उरलेला हिरवा आधीच गडद असल्यामुळे आतल्या आत विझला. बाजूने येणारा प्रकाशही भिंतीने अडवला होता. फिक्या सफायरचे उलटे झाले. त्याच्यातला पिवळसर अंश सोन्याच्या परावर्तनाशी जुळला, राखाडीपणा दबला आणि कागदावर निस्तेज वाटलेला खडा ताज्या कोवळ्या पानाच्या रंगावर आला. तिथे बसलेल्यांपैकी कुणालाही हा तोच खडा आहे हे चटकन पटले नाही.

त्सावोराइटची गत मिश्र होती. पहिला रंगाने सर्वांत सरस, पण अंदाजपत्रकाबाहेरचा. दुसरा परवडणारा होता, कारण त्याची खोली रुंदीच्या 48 टक्केच होती. एवढ्या उथळ खड्यात तळाचे पैलू फार सपाट पडतात. त्सावोराइटमध्ये हे पैलू साधारण 35 अंशांपेक्षा कमी कलले, तर वरून आलेला प्रकाश परत फिरत नाही, सरळ खाली निघून जातो. मधोमध फिका झरोका दिसतो आणि त्यातून बोटाची कातडी. सोन्याच्या कड्यात तो झरोका अधिकच उठून दिसला.

पुढे प्रकाश बदलून पाहिला: सकाळी थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी, दुपारी सावलीत, संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली. मोबाइलवर फोटो काढून तुलना करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण कॅमेरा पांढरा रंग आपल्या मनाने जुळवून घेतो. हिरव्या-निळ्या खड्यांत त्याने हमखास फसवणूक होते. डोळ्यांनीच पाहायचे. पिवळ्या बल्बखाली फिका सफायर थोडा राखाडला, बाकी वेळी जिवंत राहिला. मुलीने तो निवडला.

निवडलेल्या खड्याची मापे: 7.9 बाय 6.1 मिलिमीटर, खोली 4.3 मिलिमीटर. रुंदीच्या 70 टक्के खोली म्हणजे तो थोडा पोटात भरलेला. त्यामुळे वजन वाढते पण वरून आकार वाढत नाही, म्हणून किमतीची घासाघीस करायला हा रास्त मुद्दा होता आणि तो वापरला गेला.

तपासणी अहवाल

विक्रेत्याचे म्हणणे, खडा न तापवलेला. सुटा असतानाच तो रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत पाठवला. बसवल्यावर अचूक वजन मिळत नाही आणि कमरेचा भाग झाकला जातो. अहवालात नैसर्गिक सफायर, तापवल्याच्या खुणा आहेत, असे आले. तापवलेल्या सफायरमध्ये रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया, ज्यांना रेशीम म्हणतात, विरघळून तुटक ठिपके उरतात. असल्या खुणांवरून परीक्षक निष्कर्ष काढतात.

इथे पुन्हा थांबून विचार करावा लागला. तापवल्याने आलेला रंग कायमचा असतो आणि टिकाऊपणाला बाधा येत नाही. बाजारातले बहुतेक सफायर तापवलेलेच असतात. प्रश्न फक्त किमतीचा होता. न तापवलेल्या खड्याचा भाव देऊन तापवलेला घेण्यात अर्थ नव्हता. अहवाल समोर ठेवून भाव कमी करून घेतला. शिसेयुक्त काच भरलेला किंवा बेरिलियम वापरून रंग बदललेला खडा निघाला असता तर परतच करायचा, असे आधीपासून ठरले होते. काच भरलेला खडा कारागिराच्या आम्लाच्या भांड्यातही खराब होतो, मग रोजच्या वापराची बातच सोडा.

तिसरा निर्णय: कोंदण आणि वळे

नख्या हातमोजे फाडतात आणि 22 कॅरटमध्ये लवकर झिजतात. म्हणून नख्या बाद करून बेझल, म्हणजे खड्याभोवती सलग सोन्याची भिंत, असे ठरले. 18 कॅरटचे वेगळे कोंदण करून जोडण्याची सूचना आली होती. त्यात 75 टक्केच सोने असल्याने ते कडक होते, पण रंगातला फरक सांध्यापाशी दिसतो. भिंत सगळीकडून दाबलेली असल्यामुळे तिला नखीइतका कडकपणा लागत नाही. उलट मऊ 22 कॅरट खड्यावर छान वळते. त्यामुळे कोंदणही 22 कॅरटचेच.

खालून कोंदण उघडे ठेवले. बंद तळाने खडा अंधारतो आणि साबण अडकतो.

सगळे जुने सोने वितळवून नवी अंगठी ओतावी, अशी घरच्यांची कल्पना होती. ती टाळली. जुन्या सांध्यांतला डाक, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला मिश्रधातू, कमी शुद्धतेचा असतो. तो वितळून मिसळला की शुद्धता उतरते आणि त्यात नको ते धातू असतील तर ओतीव सोने ठिसूळ होऊन वळवताना तडकते. वितळवायचेच असेल तर डाकाचे सांधे कापून काढून, नाही तर सोने शुद्ध करून घेऊन. इथे वरच्या दोन-तृतीयांश वळ्याची जाडी 1.6 मिलिमीटर शाबूत होती, मग ते तसेच ठेवले.

सोन्याचा हिशेब असा: खड्याशिवाय जुनी अंगठी 4.6 ग्रॅम. जुने कोंदण 0.9 ग्रॅम आणि झिजलेला खालचा भाग 0.8 ग्रॅम कापला. उरले 2.9. नवे बेझल 1.3 ग्रॅम, खालचा नवा भाग 1.8 मिलिमीटर जाडीचा, 1.6 ग्रॅम. तयार अंगठीत सोने 5.8 ग्रॅम.

दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरचे हिरे, प्रत्येकी 0.03 कॅरट, बसवावेत असाही आग्रह होता. मेणावर टेकवून पाहिले. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, सफायरचा 1.77, शेजारी दोन लखलखते पांढरे ठिपके आले की सौम्य हिरवा खडा फिका पडल्यासारखा वाटतो. गडद माणकाशेजारी हिरे शोभतात, इथे नाही. हिरे वगळले. आमच्या मते या अंगठीतला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो फुकट होता.

प्रत्यक्ष काम

क्रम असा ठेवला. आधी वळ्याची डागडुजी, मग बेझलचा सांधा, मग दोन्ही जोडणे, आम्लात सफाई, घासणे, आणि खडा शेवटी. सफायर आगीत टिकतो म्हणून काही कारागीर खडा बसलेला असतानाच डाक लावतात. कुरुंद उष्णतेला टिकतो हे खरे, पण डाकासाठी लावलेला टाकणखार तापलेल्या कुरुंदाचा पृष्ठभाग खातो आणि पैलूंवर खवले पडल्यासारखे दिसते. मग खडा पुन्हा पॉलिश करावा लागतो.

बेझलची भिंत 0.6 मिलिमीटर. आत खड्याची बैठक कोरताना खड्याचे खालचे टोक बोटाच्या बाजूच्या पातळीपेक्षा 0.4 मिलिमीटर वर राहील असे माप धरले. टोक खाली आले तर बोटाला टोचते आणि टेबलावर अंगठी ठेवताना फुटू शकते. 4.3 आणि 0.4 मिळून बोटापासून माथ्यापर्यंत 4.7 मिलिमीटर, म्हणजे आधीपेक्षा 2.4 मिलिमीटर कमी.

बैठकीवर खडा डुलत नाही ना, हे चिमट्याच्या टोकाने चारही बाजूंनी दाबून पाहिले. एका बाजूला केसाएवढी फट होती, कारण खड्याची कंबर तिथे जाड होती. ती तशीच सोडून वरून सोने दाबले असते तर सगळा जोर एका बिंदूवर आला असता. बैठक पुन्हा कोरली. मग भिंत समोरासमोरच्या चार ठिकाणी थोडी थोडी दाबली, नंतर मधल्या जागा. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेले की खडा तिरका बसतो आणि शेवटी जास्तीच्या धातूची सुरकुती पडते. हातोडीच्या यंत्राऐवजी हातानेच दाबले. भिंतीची वळलेली कड खड्यावर सुमारे 0.3 मिलिमीटर येते, त्यामुळे दिसणारा खडा 7.3 बाय 5.5 मिलिमीटरचा. हे मुलीला आधी सांगितले होते, नाही तर खडा बदलला की काय, अशी शंका येते.

निष्पत्ती

अंगठी साखरपुड्याच्या चार दिवस आधी तयार झाली. रंग चाचणीत दिसला तसाच आला. हातमोजे विनाअडथळा चढतात.

दोन तक्रारी आल्या. पहिली, अंगठी बोटावर फिरते आणि खडा बाजूला कलतो. बोटाच्या बुडाला माप 16.5 मिलिमीटर व्यासाचे होते, पण सांध्यावर 17.1. सांधा ओलांडण्यासाठी अंगठी 17.1 ची केली, म्हणून बुडाशी ती सैल. वर खडा जड असल्याने ती हमखास फिरणार. उपाय म्हणून वळ्याच्या आतून, तळाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे दोन छोटे मणी जोडले. खडा आधीच बसलेला असल्यामुळे आगीचा प्रश्न होता. काम लेझर वेल्डिंगने केले, त्यात उष्णता अगदी थोड्या जागेपुरती राहते. मण्यांमुळे अंगठी सरळ राहते.

दुसरी तक्रार काही महिन्यांनी: खडा निस्तेज झाला. भिंगाखाली खड्याला काही झालेले नव्हते. तळाशी हाताच्या क्रीमचा आणि साबणाचा थर साचला होता. सफायरच्या तळावर तेलकट थर बसला की प्रकाश परत फिरायचे प्रमाण घटते आणि झरोका पडल्यासारखे वाटते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, तेही खालच्या उघड्या बाजूने. खडा पूर्ववत झाला. सोन्याच्या कडेवर ओरखडे पडले आहेत. 22 कॅरटमध्ये ते पडणारच, आणि दर वेळी पॉलिश करून भिंत पातळ करत बसण्यापेक्षा ते राहू द्यावेत.

वेगळे काय करता आले असते

बोटाचे माप एकदाच, सकाळी घेतले गेले. ते सकाळ-संध्याकाळ, आणि बुड व सांधा असे दोन्ही ठिकाणी घ्यायला हवे होते. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला असता, तर मणी खडा बसवण्याआधीच साध्या डाकाने लावता आले असते.

सोन्याच्या पट्टीची चाचणी चौथ्या आठवड्यात झाली. ती पहिल्याच बैठकीत करता येते, आणि त्यासाठी खडाही लागत नाही: हिरव्या काचेचे दोन-तीन तुकडे, एक निळसर आणि एक पिवळसर, सोन्याच्या कड्यात धरले तरी कोणत्या दिशेचा हिरवा शोधायचा ते कळते. गडद सफायर मागवण्याची गरजच पडली नसती.

‘न तापवलेला’ हा शब्द बिलावर लिहून घेतला नव्हता. भाव कमी झाला तो विक्रेत्याच्या समजूतदारपणामुळे. खरेदीआधीच लिहून घ्यायला हवे होते की अहवाल वेगळा आला तर खडा परत किंवा भाव बदल.

उंचीची कल्पना येण्यासाठी मेणाचा किंवा चांदीचा नमुना करून मुलीने एक दिवस हातमोज्यांसकट घालून पाहिला असता तर बरे झाले असते. 4.7 मिलिमीटर चालले, पण ते आधी पडताळलेले नव्हते.

लग्नाच्या वेळी याच बोटात दुसरी अंगठी येणार आहे आणि तिच्याबद्दल अजून निर्णय झालेला नाही. त्यात कडेला हिरे असतील, तर ते शेजारच्या बेझलची भिंत रोज घासून पातळ करतील आणि कड उघडी पडली तर सफायरलाही ओरखडा देतील; 9 कठीणपणाच्या खड्यावर ओरखडा पाडू शकणाऱ्या मोजक्या गोष्टींत हिरा येतो. साधे सोन्याचे वळे सुचवले आहे. हिरे हवेच असतील, तर ते फक्त वरच्या बाजूला आणि सोन्याच्या कडेपेक्षा खाली बसवलेले असावेत.